दोनदा विचारले, दोनदा नाही

२८ ऑक्टोबर १९१६, शनिवार. युरोपातल्या महायुद्धाला सव्वादोन वर्षे होऊन गेली होती आणि ते संपण्याचे चिन्ह दिसत नव्हते. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या साडेबावीस लाखांच्या आसपास स्त्री-पुरुषांनी एका प्रश्नावर कौल दिला: परदेशातल्या लढाईसाठी नागरिकांना सक्तीने सैन्यात घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा की नाही?

ऐन युद्धात सरकारे असला प्रश्न जनतेला विचारत नाहीत. फ्रान्स, जर्मनी, रशिया या देशांत सक्तीची लष्करभरती कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. ब्रिटनने जानेवारी १९१६ मध्ये कायदा करून ती आणली, न्यूझीलंडने ऑगस्टमध्ये. ऑस्ट्रेलियाने मात्र मतपेटी पुढे केली, आणि पहिले उत्तर पसंत पडले नाही म्हणून चौदा महिन्यांनी पुन्हा केली. लोकांनी दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटले. या देशाने पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येतून चार लाखांहून अधिक माणसे स्वखुशीने लष्करात धाडली होती, हे लक्षात घेतले की त्या नकाराचे कोडे अधिकच वाढते.

१९०१ साली सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले. १९०३ च्या संरक्षण कायद्याने युद्धकाळात देशाच्या रक्षणासाठी धडधाकट पुरुषांना बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला, पण त्याला एक अट होती. देशाच्या हद्दीबाहेर पाठवायचे असेल, तर तो माणूस स्वतःहून तयार असला पाहिजे. जपानची भीती वाढली तशी १९११ पासून मुलग्यांना आणि तरुणांना लष्करी शिक्षण सक्तीचे झाले. बारा वर्षांच्या पोरापासून सव्वीस वर्षांच्या गड्यापर्यंत सगळे कवायतीला जुंपले गेले. १९१५ च्या मध्यापर्यंत कवायत चुकवल्याबद्दल सुमारे ३४,००० खटले भरले गेले होते. थोडक्यात, सक्तीशी या लोकांची ओळख होती आणि तिचा जाचही त्यांना ठाऊक होता. घराची राखण करायला सक्ती चालेल, समुद्रापलीकडे पाठवायला चालणार नाही, ही रेघ मात्र कायद्यातच ओढलेली होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा सक्तीची गरजच नव्हती. निवडणुकीच्या प्रचारात मजूर पक्षाचे नेते अँड्र्यू फिशर यांनी शेवटचा माणूस आणि शेवटचा शिलिंग खर्ची घालू, असा शब्द ब्रिटनला दिला होता. भरतीच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. इतके जण येत की साडेपाच फुटांहून कमी उंचीच्यांना परत पाठवले जाई. एप्रिल १९१५ मध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या कड्यांवर ऑस्ट्रेलियन फौज उतरली. तिथल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या तशी भरती उलट वाढली आणि एकट्या जुलै १९१५ मध्ये ३६,५७५ जण दाखल झाले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू साउथ वेल्सच्या गिलगँड्रा गावातून २६ जण पायी सिडनीला निघाले. वाटेतल्या गावागावांतून माणसे सामील होत गेली आणि महिन्याभराने ते शहरात शिरले तेव्हा २६३ झाले होते.

ही लाट वर्षभरात ओसरली. उंचीची अट पाच फूट दोन इंचांवर आणूनही १९१६ च्या मध्याला महिन्याकाठी सहा हजारांच्या आसपासच माणसे मिळू लागली. आणि नेमकी तेव्हाच फ्रान्समधली आघाडी माणसे गिळू लागली. १९ जुलैच्या संध्याकाळी फ्रोमेल इथे ऑस्ट्रेलियाची पाचवी डिव्हिजन हल्ल्याला गेली. एका रात्रीत तिचे साडेपाच हजार लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पाठोपाठ पोझिएर गावाच्या टेकाडावर सहा-सात आठवड्यांत २३,००० कामी आले किंवा जायबंदी झाले. या खड्ड्यांत भर घालायला माणसे आणायची कुठून?

पंतप्रधान विल्यम मॉरिस ह्यूज यांच्यापाशी उत्तर तयार होते. वेल्श आईबापांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला, अंगाने किरकोळ, कानाने अधू आणि जिभेने धारदार असा हा माणूस गोदी कामगारांच्या संघटना बांधत वर आला होता. फिशर पायउतार झाल्यावर ऑक्टोबर १९१५ मध्ये तो पंतप्रधान झाला. पुढच्या वर्षी तो काही महिने ब्रिटनमध्ये राहिला, आघाडीवर जाऊन आपल्या सैनिकांना भेटला. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. जुलैअखेर तो परतला तो सक्तीचा निश्चय करूनच. ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्करी मंडळाची मागणी येऊन पोहोचली: आधी ३२,५०० माणसे एकरकमी, मग तीन महिने दरमहा १६,५००.

अडचण घरातच होती. कनिष्ठ सभागृहात विरोधकांच्या मदतीने कायदा पास झाला असता, पण सिनेटमध्ये ह्यूजच्याच मजूर पक्षाचे बहुमत होते आणि त्यातले बरेच जण सक्तीच्या विरोधात होते. कामगार संघटनांनी तर दंड थोपटले होते. राज्यघटनेला सार्वमताची गरज नव्हती. ह्यूजला ती होती. जनतेने हो म्हटले की पक्षाची तोंडे आपोआप बंद होतील, असा त्याचा हिशेब होता. ३० ऑगस्टला त्याने सार्वमताची घोषणा केली. मतपत्रिकेवरचा प्रश्न लांबलचक होता: देशात सैन्यसेवा करून घेण्यासाठी सरकारला नागरिकांवर जे सक्तीचे अधिकार आहेत, तेच अधिकार या आणीबाणीत, युद्ध संपेपर्यंत, देशाबाहेरच्या सेवेसाठी द्यावेत काय? सक्तीच्या भरतीला त्यांच्या भाषेत जो रूढ शब्द होता, तो त्यात कुठेच नव्हता.

पुढचे दोन महिने देशाने असा प्रचार पाहिला की त्याच्या जखमा पुढच्या पिढीपर्यंत पुरल्या. बहुतेक मोठी वर्तमानपत्रे, व्यापारी, प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि सहापैकी पाच राज्यांची सरकारे ‘हो’च्या बाजूला होती. रस्त्यात तरुण पुरुषाला पांढरे पीस देऊन भेकड ठरवणाऱ्या बायका होत्या, तशाच मुलांना मारायला पाठवणार नाही म्हणणाऱ्या आयाही होत्या. ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांना १९०२ पासून मताचा हक्क होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आईलाच साकडे घातले. मेलबर्नमध्ये व्हिडा गोल्डस्टीन आणि अ‍ॅडेला पँकहर्स्ट यांच्या संघटनेने युद्धविरोधी सभा घेतल्या. उधळल्या गेल्या तरी पुन्हा घेतल्या. सेन्सॉरची कात्री मुख्यतः विरोधकांच्या पत्रकांवर चाले.

विरोधकांत एकच सूर नव्हता. कामगार पुढारी म्हणत, माणसाची सक्ती करता, मग संपत्तीची का नाही? शेतकऱ्याला कापणीच्या तोंडावर हातचा गडी जाण्याची धास्ती होती. आयरिश वंशाच्या कॅथलिकांना त्या वर्षीच्या एप्रिलमधले डब्लिनचे बंड आणि त्यानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घालून मारलेले बंडाचे नेते विसरता येत नव्हते. मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स यांनी सक्तीला उघड विरोध केला आणि ह्यूजला एक तोडीस तोड शत्रू मिळाला.

आणखी एक सूर होता, आणि तो आपल्याला टोचेल असा आहे. आमची माणसे आघाडीवर गेली की त्यांच्या जागी भांडवलदार स्वस्तातले काळे, पिवळे मजूर आणून बसवतील, ही भीती ‘नाही’वाल्यांनी मनसोक्त वापरली. ऐन प्रचारात माल्टातले २१४ मजूर घेऊन ‘गांज’ नावाचे फ्रेंच जहाज येऊन ठेपले. ती माणसे ब्रिटिश प्रजाजन, वर युरोपीय. तरीही सरकार इतके घाबरले की नको असलेल्यांना रोखण्यासाठी ठेवलेली श्रुतलेखनाची परीक्षा त्यांना द्यायला लावली, तीही डच भाषेत. सगळे नापास झाले. जहाज उतारू न उतरवताच पुढे गेले. गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणावर दोन्ही बाजूंचा सारखाच विश्वास होता. ते धोरण सक्तीने वाचेल की सक्तीने बुडेल, एवढाच वाद होता. ‘सर्व नागरिकांनी’ लढावे की नाही याची चर्चा करणाऱ्या या देशात मूळनिवासींना आणि आशियातून आलेल्यांना, म्हणजे तिथे राहणाऱ्या बहुतेक हिंदी माणसांनाही, संघराज्याच्या मतदार यादीत जागा नव्हती. युरोपीय वंशाचे नसलेल्यांना सैन्यात घेण्यालाही नियमांची आडकाठी होती, तरी काही जण तिच्या फटीतून भरती झालेच.

ह्यूजने घाईत स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. लोक हो म्हणणार, असे धरून त्याने जुन्या कायद्याखाली ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच २१ ते ३५ वयाच्या अविवाहित पुरुषांना देशांतर्गत सेवेसाठी हजर व्हायला फर्मावले. छावण्यांत त्यांच्या बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. प्रश्नाचे उत्तर येण्याआधीच सक्ती दारात येऊन उभी राहिली. हजारोंनी सूट मागितली, हजारो फिरकलेच नाहीत. मग ह्यूजने टोक गाठले: मतदान केंद्रावर त्या वयाच्या पुरुषांना, तू हजर झालास का, असे विचारावे आणि संशय आल्यास मत बाजूला ठेवावे असा नियम त्याने आणला. यावर मतदानाच्या आदल्या दिवशी तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले.

निकाल लागला. बाजूने १०,८७,५५७ मते, विरोधात ११,६०,०३३. फरक अवघा ७२,४७६. व्हिक्टोरिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया हो म्हणाले. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया नाही.

सर्वांत बोलका आकडा सैनिकांचा होता. ऑस्ट्रेलियन फौजेचे सेनापती जनरल बर्डवुड यांनी आवाहन करूनही सैन्यातल्या ७२,३९९ जणांनी हो म्हटले आणि ५८,८९४ जणांनी नाही. मदतीला माणसे यावीत म्हणून ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप चालला होता, त्यांच्यातल्याच दर शंभरांतल्या पंचेचाळिसांना ती नको होती. कुणाला वाटे, मनाविरुद्ध आलेला माणूस खंदकात शेजारी नको. कुणी म्हणे, मी भोगतो आहे ते दुसऱ्याच्या नशिबी माझ्या मताने येऊ नये. घरी बसलेल्यांना देशद्रोही ठरवणे सोपे होते. खंदकातून आलेल्या नकाराला काय नाव द्यायचे, हे ‘हो’वाल्यांना शेवटपर्यंत सुचले नाही.

मजूर पक्ष मात्र फुटला. १४ नोव्हेंबर १९१६ ला पक्षाच्या बैठकीत अविश्वासाचा ठराव चर्चेला असतानाच ह्यूज उठला, माझ्या मताचे असतील त्यांनी यावे म्हणाला आणि वीस-पंचवीस खासदारांना घेऊन बाहेर पडला. कालच्या विरोधकांशी हातमिळवणी करून त्याने नवा पक्ष उभारला आणि मे १९१७ ची निवडणूक दणक्यात जिंकली. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. लोकांना ह्यूज पंतप्रधान म्हणून हवा होता, जर्मनीचा पराभव हवा होता. आपल्या पोरांच्या जिवावरचा कोरा चेक मात्र त्यांना त्याच्या हाती द्यायचा नव्हता.

१९१७ च्या दुसऱ्या अर्ध्यात बेल्जियमच्या चिखलात, ईप्रच्या तिसऱ्या लढाईत, ऑस्ट्रेलियाचे ३८,००० लोक मेले किंवा जखमी झाले. घरी महागाई होती आणि न्यू साउथ वेल्समध्ये रेल्वेपासून सुरू झालेला प्रचंड संप नुकताच मोडला गेला होता. ह्यूजने पुन्हा सार्वमत जाहीर केले. या वेळी योजना मवाळ होती: महिन्याला ७,००० स्वयंसेवक मिळाले तर ठीक, कमी पडले तर २० ते ४४ वयाच्या अविवाहितांतून चिठ्ठ्या टाकून उरलेले घ्यायचे. प्रश्न तर आणखी गुळगुळीत केला होता. परदेशातल्या आपल्या सैन्याला कुमक पाठवण्याच्या सरकारच्या प्रस्तावाला तुमचा पाठिंबा आहे काय? कुमकेला नाही कोण म्हणणार! बेंडिगोच्या सभेत ह्यूजने शपथ घेतली की हा अधिकार मिळाला नाही तर आपण सरकार चालवणार नाही.

क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री टी. जे. रायन हे सक्तीला विरोध करणारे एकमेव राज्यप्रमुख. त्यांची भाषणे सेन्सॉरने छाटली, तेव्हा त्यांनी तीच राज्याच्या विधानसभेत केली, म्हणजे ती अधिकृत अहवालात छापली जातील. ह्यूजने ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यात लष्कर घुसवून अहवालाच्या प्रती जप्त केल्या. लोकशाहीसाठी लढणाऱ्या देशात विधानसभेचा वृत्तांत जप्त व्हावा, यावर फार भाष्य करायची गरज विरोधकांना पडली नाही. काही दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, वॉरविकच्या रेल्वे स्टेशनावर गर्दीतून आलेल्या अंड्याने पंतप्रधानांची हॅट उडवली. ह्यूज फलाटावरच्या झोंबाझोंबीत उतरला आणि त्याने तिथल्या पोलीस सार्जंटला अटकेचा हुकूम सोडला. मी क्वीन्सलंडचा कायदा ओळखतो, तुमचा नाही, असे उत्तर मिळाले. या अपमानातून ह्यूजने संघराज्याचे स्वतंत्र पोलीस दल उभे केले.

शत्रुराष्ट्रात जन्मलेल्या नागरिकांचा मताधिकार या वेळी काढून घेतला होता. तरीही २० डिसेंबर १९१७ ला विरोध वाढलाच: हो १०,१५,१५९, नाही ११,८१,७४७. व्हिक्टोरियाही ‘नाही’कडे गेले. सैनिकांत हो १,०३,७८९ आणि नाही ९३,९१०. शपथेप्रमाणे ह्यूजने ८ जानेवारी १९१८ ला राजीनामा दिला आणि गव्हर्नर जनरलने दुसरा कुणी सापडत नाही म्हणून दोन दिवसांनी त्यालाच पुन्हा बसवले.

हा पराभव कुणामुळे झाला? ह्यूज मॅनिक्सकडे बोट दाखवत राहिला. पण कॅथलिक लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होते आणि तेही सगळे एका बाजूचे नव्हते. कामगार, शेतकरी, आया, आयरिश, वंशद्वेष्टे, शांततावादी अशी ही मोट होती. एका खाटेवर दोन रात्री न निभणारी ही माणसे एका मुद्द्यावर एक झाली: जायचे की नाही हे ज्याला मरायचे आहे त्याने ठरवावे.

त्याच साम्राज्यात आपल्याकडेही तेव्हा भरतीची धामधूम होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उठले आणि युद्धाच्या मदतीला स्वराज्याचा प्रश्न जोडू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडवले. टिळक सभा सोडून निघाले. सैनिक द्यायला टिळकांची ना नव्हती. ज्याच्या हाती राज्यकारभारातले काहीच नाही, त्याने कशासाठी मरावे, एवढेच ते विचारत होते. ऑस्ट्रेलियन मतदाराच्या हाती निदान मतपत्रिका होती. मुंबईतल्या माणसाला प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती.

ऑस्ट्रेलियाची फौज युद्ध संपेपर्यंत स्वयंसेवकांचीच राहिली. माणसे अपुरी पडून १९१८ मध्ये काही पलटणी मोडाव्या लागल्या, पण जनरल मॉनाशच्या हाताखाली तिने त्या वर्षी फ्रान्समध्ये मोठे विजय मिळवले. साठ हजारांवर मेले.

दुसऱ्या सार्वमताने वाद मिटला नाही. १९१६ मध्ये सक्तीविरोधी मोहिमेचा एक तरुण चिटणीस हजेरी चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला होता. त्याचे नाव जॉन कर्टिन. दुसऱ्या महायुद्धात तोच पंतप्रधान झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान्यांनी डार्विनवर बाँब टाकले. सक्तीने घेतलेले नागरी सैनिक जुन्या रेघेमुळे ऑस्ट्रेलियाच्या हद्दीबाहेर पाठवता येत नव्हते, म्हणून पक्के सैनिक त्यांना कोआला म्हणून चिडवत: ज्यांना मारायला बंदी आणि बाहेर न्यायलाही बंदी. हेच पोरगे पापुआत, तो ऑस्ट्रेलियाचाच प्रदेश असल्यामुळे, कोकोडाच्या वाटेवर जपान्यांशी झुंजले. अमेरिकेची सक्तीने भरती झालेली पोरे ऑस्ट्रेलियाच्या रक्षणाला आली असताना आपली हद्दीवर थांबणार, हे कर्टिनला पटेना. स्वतःच्या पक्षाशी झगडून त्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये नैर्ऋत्य पॅसिफिकच्या आखून दिलेल्या पट्ट्यापुरती सक्ती मंजूर करून घेतली. संकट दारात आल्यावर लोकांनी ती मानली.

१९६४-६५ मध्ये मेंझिस सरकारने रेघ पुसूनच टाकली. वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखा लाकडी गोट्यांवर टाकून सोडत काढायची, नंबर लागेल त्याने दोन वर्षे द्यायची. पुढे त्यातले १५,३८१ जण व्हिएतनामला गेले, सुमारे दोनशे परत आले नाहीत. मताचे वय तेव्हा एकवीस होते. म्हणजे मरायला लायक ठरलेला मुलगा ते ठरवणाऱ्याला निवडायला लायक नव्हता. या वेळी कुणी सार्वमत घेतले नाही, म्हणून लोकांनी ते रस्त्यावर घेतले. मे १९७० मध्ये लाखभराहून जास्त माणसे मोर्चात उतरली. डिसेंबर १९७२ मध्ये व्हिटलम सरकारने सूत्रे हाती घेताच पहिल्या काही दिवसांत सक्ती थांबवली आणि ती नाकारून तुरुंगात गेलेल्यांना सोडले.

प्रत्येक तरुणाला दोन वर्षे लष्करात घाला म्हणजे देश सुधारेल, हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याला आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मुभाही ठेवली आहे, धर्म-जात-वर्ग न पाहण्याच्या अटीवर. ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगतो की त्या वाक्यातला ‘प्रत्येक’ प्रत्यक्षात कधीच प्रत्येक नसतो. तो अविवाहित असतो, अमुक वयाचा असतो, सूट मिळवण्याइतकी ओळख नसलेला असतो किंवा गोटीवरच्या तारखेचा असतो. म्हणून सक्ती चांगली की वाईट हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. कोणत्या युद्धासाठी, कुठवर आणि कुणाच्या संमतीने, हे आधी विचारावे लागते. १९१६ आणि १९४३ मध्ये उत्तरे वेगळी आली, कारण या प्रश्नांची उत्तरे वेगळी होती.

ऑस्ट्रेलियात सक्तीची भरती आजही बेकायदा नाही. पण १९९२ मध्ये संरक्षण कायदा बदलला गेला. आता युद्ध असले तरी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी आधी मंजुरी दिल्याशिवाय सरकारचे फर्मान लागू होत नाही. ज्या सिनेटला वळसा घालण्यासाठी ह्यूजने सार्वमताचा घाट घातला, तिच्या दारातूनच आता कुठल्याही पंतप्रधानाला जावे लागेल.